मास्तरांनी आवडणं सोडलं

आमचे मास्तर मुळात वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही. समुद्राकाठच्या आमच्या गावात ते पोरांना अक्षरं शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कपडे शिवायचे. खरं सांगायचं तर कपडे शिवायचे आणि उरलेल्या वेळात अक्षरं. एफ्राइम थुल्के त्यांचं नाव. मी रेगिने, त्यांची बायको. मूलबाळ नाही. फ्रान्सात लोकांनी आपल्या राजाचं डोकं उडवलं त्या वर्षी आमच्या घरात एक पुस्तक शिरलं, आणि दोन्हींपैकी मोठा उत्पात कुठला म्हणाल तर मी पुस्तकच म्हणेन.

केनिग्सबर्गचा एक विद्यार्थी समुद्राची हवा खायला आमच्याकडे राहिला होता. जाताना तो ते पुस्तक विसरून गेला. मास्तर म्हणतात विसरला. मी म्हणते, जीव वाचवायला टाकून पळाला. त्याच्याच शहरातल्या कुणा प्राध्यापकांनी लिहिलेलं, कर्तव्याविषयी. अंगाने बारीक होतं. मी म्हटलं, बरं झालं, लवकर संपेल.

नव्या पुस्तकाची पानं घडीतच असतात, ती सुरीने कापत पुढे जायचं असतं. मास्तरांनी माझी मासे साफ करायची सुरी घेतली, पहिल्या भागाच्या घड्या कापल्या आणि तिथेच थांबले. म्हणाले, "एवढं पचल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही." मग अख्खा हिवाळा तेवढंच वाचत बसले. विचारायला जवळपास कुणी नव्हतं. पाद्रीबुवांकडे नेलं तर त्यांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, माझ्या कोटाची बाही अजून झालेली नाही."

तेव्हा एकट्यानेच चाललं. खिडकीत बसायचे, ओठ हलवायचे, सुई तोंडात तशीच. एकट्याने वाचणाऱ्याचं एक बरं असतं, चुकतोयस म्हणून सांगायला कुणी येत नाही.

त्या भागात असं होतं म्हणे, की मनाला गोड वाटतं म्हणून केलेल्या भल्या कामाला खरी किंमत नाही. करायला हवं म्हणून केलं तर आहे. यात वावगं काय? माझी आईही भांडी घासता घासता एवढंच म्हणाली असती आणि पुढचं भांडं उचललं असतं. पण मास्तरांनी ते वाक्य कोट उलटा करून घालावा तसं अंगात घातलं, अस्तर बाहेर आणि कापड आत. गोड वाटेल ते वाईट, कडू लागेल ते चांगलं. झालं. घरात कडूचं राज्य आलं.

आधी गेली ती धुरावलेली वाम मासळी. त्यांच्या जिवाची आवड. ताटली सरकवून म्हणाले, "नको, फार छान लागते." मग गेला म्हातारा क्रिस्टुप. लाटांत जाळी टाकून टाकून त्याचे गुडघे गेले होते, अंथरुणाला खिळलेला होता. मास्तर दर रविवारी त्याच्याकडे जाऊन पत्ते खेळायचे. ते बंद केलं. का, तर जायला आनंद व्हायचा. त्याऐवजी पावाची टोपली घेऊन गिरणीवाल्या बार्टशकडे जायला लागले. बार्टशचं आणि त्यांचं कधी पटलं नव्हतं. पिठात वाळू मिसळतो असं मास्तर पूर्वी उघड म्हणायचे.

मी सोबत होते, म्हणून हे कानांनी ऐकलं.

"का आलात?" बार्टश म्हणाला.

"तुमची विचारपूस करायला."

"मला काय झालंय?"

"काही नाही. तुम्ही मला आवडत नाही."

"ते ठाऊक आहे."

"म्हणूनच आलो."

बार्टशने टोपली घेतली आणि पाव आपण खाण्याआधी कुत्र्याला घातला. मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

मग माझी पाळी आली. बोलणं थांबलं नाही, पण माझ्याकडे बघून हसणं थांबलं. मी विचारलं, "अहो, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकायचंय? तू मला आवडतेस, एवढीच अडचण आहे."

लग्नाला किती हिवाळे झाले, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. तेही तक्रारीच्या सुरात.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. बाईमाणसाला पुरुषाची एखादी खोड सांभाळावी लागते, कुणाला दारूची, कुणाला पुस्तकाची. पण त्याच हिवाळ्याच्या शेवटी शेजारची एर्टमे गेली.

एर्टमे विधवा होती. वादळानंतर गावचे पुरुष कातडी अंगरखे घालून छातीभर पाण्यात उभे राहतात, जाळ्यात शेवाळ ओढतात, आणि बायका किनाऱ्यावर त्या शेवाळातून राजाचे तृणमणी, म्हणजे डिंकाचे सोनेरी खडे, वेचतात. वेचायचे आपण, मालकी राजाची. तिथे वाऱ्यात बसून एर्टमे गायची, आणि बाकीच्या बोटं गोठली तरी ऐकायला थांबायच्या:

लाट आली लाट गेली, काय ठेवून गेली गं,
वाळूवरती सोनं, माझी ओंजळ ओली गं.

त्याच वाऱ्याने तिची छाती धरली. ती आजारी असताना तिची माडलिन आमच्याकडेच होती. सात वर्षांची पोर, केस शेवाळासारखे गुंतलेले. मास्तरांच्या चिंध्यांच्या ढिगावर झोपायची. मास्तर चिंध्यांतून तिला अक्षरं कापून द्यायचे, तिच्या नावातलं पहिलं अक्षर लाल कापडाचं. उरल्यासुरल्या तुकड्यांचं एक जाकीट तिला शिवलं होतं, दोन्ही बाह्या दोन रंगांच्या. ती खोकली की ते शिवण थांबवायचे. मी हे पाहत होते आणि मनात म्हणत होते, पुस्तकाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

एर्टमेला माती दिली आणि दुसऱ्या दिवशी वाकडी काठी निघाली. आमच्याकडे सभा अशीच बोलावतात. गावचा कारभार शुल्झ, म्हणजे गावप्रमुख, ग्रिगोलाइट बघतात. त्यांच्या घरून मुळाची वेडीवाकडी काठी निघते, या घरातून त्या घरात जाते. हातात आली की जेवणावरून उठून पुढे द्यायची, घरात ठेवून घ्यायची नाही. सभेत घरटी एक पुरुष. बायका बाहेर. पोरीचं काय करायचं, हा विषय होता.

मी मास्तरांना दाराशी म्हटलं, "पोर आपली. एवढंच बोला आणि या." त्यांनी मान हलवली. मी माळ्यावरचं लोकरीचं पांघरूण काढलं, धुऊन वाळत टाकलं.

ते एकटेच परत आले.

"माडलिन कुठंय?"

"शुल्झच्या घरी. उद्या बार्टशकडे जाईल."

"बार्टशकडे का?"

मास्तर बाकावर बसले. "शुल्झनी विचारलं, कोण घेतं? मी उठणारच होतो. मग जाणवलं, मला ती किती हवी आहे."

"मग?"

"मग बसलो."

त्यांना वाटलं मला समजावून हवंय.

"बघ ना. आपण घेतलं असतं ते आपल्या हौसेखातर. त्यात भलेपणा कसला? बार्टशला मूल नकोय. तो घेईल ते निव्वळ—"

"त्याला बदकं राखायला कुणीतरी हवंय."

"ते त्याचं तो बघेल."

"म्हणजे त्याला फुकटची गुराखीण, तुम्हाला फुकटचं पुण्य. आणि पोरीला काय?"

"मला सोपं गेलं असं वाटतंय का तुला?"

"गाढव आहात तुम्ही," मी म्हटलं. पांघरूण दोरीवर ओलंच होतं. ते तसंच राहू दिलं.

सकाळी तिला गिरणीवर सोडायला मास्तर स्वतः निघाले. मी म्हटलं, निदान तिला असं सांगा की तिकडे पिठाच्या गोण्या आहेत, खेळायला मजा येईल. म्हणाले, "खोटं सांगणार नाही." तोही नेम होताच. लहानांशीसुद्धा खोटं नाही. परत आल्यावर वाटेत काय बोलणं झालं ते मला सांगितलं, आणि सांगताना चेहरा असा की जणू परीक्षा पास होऊन आले.

"तिने विचारलं, काका, मी तुम्हाला आवडत नाही का? मी म्हटलं, आवडतेस. फार आवडतेस. म्हणूनच तुला तिकडे देतोय."

"असं म्हणालात? सात वर्षांच्या पोरीला?"

"जे होतं ते सांगितलं. तिला कळलं, रेगिने. रडलीसुद्धा नाही."

उन्हाळा आला. बार्टशची बायको चर्चच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी मुद्दाम उभी राहायची. "काय गुणाची पोर आहे गं. सांगावं लागत नाही. बदकं मोजून आणते, माझे पाय चेपते, जेवली की ताटली धुऊन ठेवते. आमच्या ह्यांना तर आधी नको नको झाली होती, आता तिच्याशिवाय चालत नाही." मी म्हणायचे, छान. जीभ दाताखाली धरून. माडलिन तिच्या मागे उभी असायची, केस विंचरलेले, हात जोडलेले. आमच्याकडे बघायची नाही. मास्तर तिच्या जाकिटाकडे बघायचे. बाह्या आखूड व्हायला लागल्या होत्या.

घरी आले की शीळ घालत काम करायचे. एकदा मी म्हटलं, "मन मारल्याचं फार समाधान मिळतंय वाटतं?"

"थोडंसं."

"म्हणजे छान वाटतंय?"

"तसं म्हण हवं तर."

"छान वाटतंय म्हणजे गेली किंमत. शून्य."

शीळ थांबली. त्या दिवसापासून त्यांना आपल्या भलेपणाचाही आनंद घेता येईना. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणवत नाही.

शेतातलं राय धान्य कापायच्या दिवसांत शाळा बंद असते. मास्तरांनी पुन्हा माझी सुरी मागितली. पहिला भाग पचला होता की त्यांनाच त्याचं अजीर्ण झालं होतं, कोण जाणे. दुसऱ्या भागाच्या घड्या कापायला लागले. मी बटाटे सोलत होते. वाचता वाचता त्यांचा रंग उतरला. मला वाटलं ऊन लागलं.

"रेगिने."

"काय?"

"इथे म्हटलंय की माणूस म्हणजे हत्यार नव्हे. दुसऱ्याला आपल्या कामापुरतं नुसतं वापरायचं नाही. कुणालाच. कधीच."

"बरं."

"मी तिला वापरलं."

"बरं."

"माझ्या—"

"पुण्यासाठी. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. शब्द वेगळे होते."

"तू मला गाढव म्हणाली होतीस."

"तेच ते."

बायकोने गाढव म्हटलं तेव्हा नाही कळलं, पोर दारासमोरून मान खाली घालून गेली तेव्हा नाही कळलं, काळ्या शाईत छापलेलं दिसलं तेव्हा कळलं. असतात अशी माणसं. त्यांना आग लागली तरी आधी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

ते शुल्झकडे गेले. सभा बोलवा म्हणाले. ग्रिगोलाइट सत्तरीचे, कमी बोलणारे. त्यांनी वाकडी काठी काढली आणि मास्तरांच्याच हातात दिली. "तुमचं काम आहे ना? मग फिरा घरोघर."

रीतीप्रमाणे काठी शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे द्यायची असते. एकाच माणसाने ती सगळ्या गावात फिरवायची म्हणजे काय, ते गावातल्या कुत्र्यांनाही कळलं. मी कुंपणाशी उभी राहून ऐकत होते.

"काय मास्तर, आज काय वाटप आहे? पोरं की पाव?"

"मास्तर, माझी सासू मला अजिबात आवडत नाही. तुम्हाला देऊ का?"

"नको रे, मास्तरांना आवडली तर ते पुन्हा गिरणीवर सोडतील."

क्रिस्टुपने अंथरुणातूनच हाक मारली, "अरे एफ्राइम, मी तुला आवडायचो म्हणून यायचा थांबलास म्हणे. बायको मेल्यावर एवढं लाडाचं कुणी बोललं नव्हतं बघ." मास्तर काठी धरून उभे होते, कान लाल. पहिल्यांदाच मला वाटलं, या माणसाचं काहीतरी भलं होईल.

सभेच्या वेळी मी शुल्झच्या खिडकीखाली उभी राहिले. बाकीच्या बायकाही होत्या. सगळ्यांना अचानक तिथलंच गवत उपटायचं होतं.

आत मास्तरांनी सुरुवात केली ती पुस्तकापासून. प्रत्येक माणूस हा, आणि नियम असा असावा की, आणि मी जे केलं ते जर सगळ्यांनी केलं तर. आत खोकण्याचे आवाज यायला लागले. बार्टश म्हणाला, "शुल्झसाहेब, यांनी मार्चमध्ये पोर दिली कारण ती त्यांना आवडत होती. आता मागतायत कारण पुस्तकात लिहिलंय. पुढच्या पानावर काय निघेल याचा भरवसा काय? माझी बदकं कोण राखणार?"

लोक हसले. त्याचं चुकलं नव्हतं, हेच तर वाईट.

ग्रिगोलाइटनी काठीने जमिनीवर टक केलं. "मास्तर, पुस्तक घरी ठेवा. पोर तुम्हाला हवी आहे का?"

"माझं कर्तव्य—"

"ते नाही विचारलं."

माझ्या मुठीत उपटलेलं गवत होतं, मुळाची माती ओघळत होती. मग एक आवाज आला, तो माझ्या नवऱ्याचा आहे हे ओळखायला मला एक क्षण लागला.

"हवी आहे."

"बार्टश, तुला काय हवंय?"

"सांगितलं की. बदकं राखायला माणूस."

"बदकं कुणीही राखील," शुल्झ म्हणाले, आणि सभा संपली.

माडलिन घरी आली. मी वाम शिजवली, अंथरूण घातलं. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी पुस्तकं वाचत नाही तरी मूर्खपणात मास्तरांना अगदीच एकटं सोडत नाही.

जी पोर गिरणीवर देवदूत होती ती आमच्याकडे येऊन सैतान झाली. दुधाचा माठ फोडला. पाद्रीबुवांच्या कोटाची नवी बाही उसवून ठेवली. मी केस विंचरायला घेतले तर हाताला चावली. मास्तरांनी कापलेली चिंध्यांची अक्षरं चुलीत घातली, लाल कापडाचं तेवढं शेवटी. आणि प्रत्येक वेळी, केलं की आमच्या तोंडाकडे बघायची, अगदी नीट, जणू चुलीवरचं भांडं उकळलं का ते बघतेय. गावात बोलणं झालंच: पोरीला गिरणीच बरी वाटत होती. बार्टशच्या बायकोने चर्चच्या पायऱ्यांवर मला खांद्यावर थोपटलं. तो खांदा मी घरी येऊन धुतला.

मास्तर सगळं सहन करायचे. इतके शांतपणे, की मला वाटलं पुन्हा किंमत मोजायला बसलेत.

मग एक दुपार. चपट्या माशांचं सूप केलं होतं. माडलिनने आपला वाडगा एका बोटाने बाकाच्या कडेपर्यंत ढकलला, माझ्याकडे बघत, आणि मग आणखी थोडा. सगळं जमिनीवर. मी फडकं घेऊन वाकले.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय?"

"आता मी आवडत नाही ना तुम्हाला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. आशा होती, पावाचा आणखी एक तुकडा मागावा तशी. माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. पण मी काही बोलायच्या आत आमचे सत्यवचनी बोलले.

"आवडतेस गं," मास्तर म्हणाले. "कितीही सांडलंस तरी आवडतेस."

ती बाकावरून उतरली. दाराशी जाऊन खाली बसली आणि लाकडी बूट पायात घालायला लागली. डावा उजव्यात जाईना. रडत नव्हती.

"कुठे निघालीस?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही कुठे सोडणार तिकडे. गिरणीवर परत घेतील का?" ती बुटाशी झटत होती. "तिथे मी शहाण्यासारखी वागले. खूप दिवस लागले. मग बार्टशकाकूंना मी आवडायला लागले आणि लगेच तुम्ही न्यायला आलात. इथे मी नीट वाईट वागत होते. पण तुम्हाला तरी आवडतेच मी."

मास्तरांनी मांडलेला सिद्धान्त एकट्या तिने समजून घेतला होता. कुणाला न विचारता, सगळा उन्हाळा बदकांमागे फिरत, शेवटच्या टोकापर्यंत. आवडली की देऊन टाकतात. म्हणून राहायचं असेल तिथे आवडून घ्यायचं नाही.

मी उठले. "मला नाही हं आवडत तू," मी म्हटलं. "बघ ही जमीन. असली पोर कोण आवडून घेईल?"

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बघितलं, मग मास्तरांकडे. माझं म्हणणं तिला पुरलं नाही. देणारे ते होते.

मीही त्यांच्याकडे बघितलं. एवढा एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्या माणसाने जिभेवर खोट्याचा थेंब येऊ दिला नव्हता. इतर बाबतीत त्यांचं काही का असेना, ते मात्र खरं होतं. चमचा त्यांनी मुठीत धरला होता, पोरं खिळा धरतात तसा. मी मनात म्हटलं, आता जर का पुस्तक काढलंत ना.

"मलाही," ते म्हणाले. "मलाही नाही आवडत."

इतकं वाईट खोटं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि माणूस म्हणत होता, नाही आवडत. बार्टशच्या कुत्र्यालाही ते पटलं नसतं. पण माडलिनला पटायला हवं होतं, तिने ते पटवून घेतलं.

तिने बूट काढले, बाकाखाली एकाशेजारी एक ठेवले, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसली.

"मग थोडं सूप द्या," ती म्हणाली.

मास्तरांनी तोंड होईल तितकं वाकडं केलं, स्वतःचा वाडगा तिच्यापुढे ओढला, आणि खाली मान घालून माशाचा काटा न काटा वेचून काढायला लागले.